रायटर मिळाला का?

“अ अधिक ब भागिले क.” परीक्षेच्या खोलीत एक जण हे बोलतो आणि दुसरा लिहितो. बोलणाऱ्याच्या मनात आधी अ आणि ब यांची बेरीज आहे, मग त्या बेरजेला क ने भागायचं आहे. लिहिणारा मात्र अ लिहितो, अधिकचं चिन्ह काढतो, फक्त ब च्या खाली रेघ मारतो आणि तिच्याखाली क लिहून मोकळा होतो. गणित तिथंच बिघडलं. पुढची सगळी आकडेमोड बिनचूक सांगितली तरी उत्तर चुकणार, आणि पेपर तपासणाऱ्याला वाटणार, या मुलाला साधं सूत्र येत नाही. सरावलेल्या जोडीचं तसं होत नाही. “कंसात अ अधिक ब, कंस पूर्ण, सगळ्याला भागिले क,” अशी त्यांची भाषा ठरलेली असते. पण अशी भाषा बसायला चारदोन बैठका लागतात. लेखनिकाची ओळखच पेपरच्या दिवशी सकाळी, केंद्राच्या दारात झाली तर ती कुठून बसणार?

सरकारी कागदांत त्याला लेखनिक म्हणतात, विद्यार्थ्यांच्या बोलण्यात तो रायटर असतो. अंध, सेरेब्रल पाल्सी असलेले, हात नसलेले किंवा हातावर ताबा नसलेले, डिस्ग्राफिया म्हणजे लेखनदोष असलेले असे कितीतरी विद्यार्थी पदवीपर्यंतच्या सगळ्या परीक्षा दुसऱ्याच्या हाताने देतात. मार्च-एप्रिल जवळ आला की यांच्या गप्पांत अभ्यास किती झाला हा प्रश्न नंतर येतो. आधी विचारलं जातं, “रायटर मिळाला का?”

न मिळण्याची कारणं साधी आहेत. पदवीच्या पेपरला बसायला अकरावी-बारावीतला कुणी हवा, तर नेमक्या त्याच दिवसांत त्याचीही परीक्षा असते. शेजारची मुलगी तयार होते, तिचे वडील नको म्हणतात. एनएसएसचे स्वयंसेवक येतात, पण सहा पेपरांपैकी दोनच दिवस. मग व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप फिरतो: शुक्रवारी सकाळी, अर्थशास्त्र, अक्षर बरं हवं, मराठी माध्यम. यात वाईट कुणीच वागत नाही. तरीही तीन वर्षांच्या अभ्यासाचं काय होणार, हे कुणा अनोळखी मुलाला त्या दिवशी वेळेवर बस मिळते की नाही यावर ठरतं.

नियम नाहीत असं नाही. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने २६ फेब्रुवारी २०१३ रोजी लेखी परीक्षांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०१८ मध्ये त्या सुधारल्या. त्या सूचनांनुसार परीक्षेच्या दर तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ द्यायचा, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. लेखनिक स्वतःचा आणायचा की परीक्षा घेणाऱ्यांनी दिलेला घ्यायचा, हे उमेदवाराने ठरवायचं होतं. संस्थेचा घेतला तर दोन दिवस आधी त्याची गाठ घालून द्यायची, म्हणजे नको असेल तर बदलता येईल. भाषांच्या पेपरांना वेगळा लेखनिक चालेल. ब्रेल, मोठा टाइप, संगणक, ध्वनिमुद्रित उत्तरं असे पर्याय ठेवायचे. बोलणारा कॅल्क्युलेटर, टेलर फ्रेम, अबॅकस, ब्रेलपाटी आत नेऊ द्यायची. आकृती किंवा नकाशा पाहूनच सोडवता येईल अशा प्रश्नाच्या जागी अंध उमेदवाराला दुसरा प्रश्न द्यायचा. हे लिहिणाऱ्याने परीक्षेच्या खोलीत काय काय अडतं याचा विचार केलेला दिसतो.

२०१८ च्या सुधारणेत मात्र एक अट आली. स्वतः आणलेल्या लेखनिकाचं शिक्षण उमेदवाराच्या शिक्षणापेक्षा एक पायरी खालचं असावं लागे. हेतू उघड आहे: हुशार लेखनिकाने स्वतःच उत्तरं लिहून टाकू नयेत. पण ज्या आईने वर्षभर रोज रात्री पाठ्यपुस्तक मोठ्याने वाचून दाखवलं, ती पदवीधर असल्याने पदवीच्या पेपरला बाद. बँकेतून निवृत्त झालेले, वेळ असलेले, अक्षर सुरेख असलेले आजोबा बाद. संस्कृत घेऊन एम.ए. करणाऱ्याने खालच्या पायरीवरचाच लेखनिक आणायचा, मग त्याने संस्कृत शाळेनंतर पाहिलं नसलं तरी चाले. तो संधिविग्रह कानाने ऐकून कसा लिहील, हा प्रश्न त्या अटीत कुठेच दिसत नव्हता. कॉपीची भीती खोटी नाही. पण पर्यवेक्षक जवळ बसवून किंवा सगळं बोलणं ध्वनिमुद्रित करूनही ती आवरता आली असती.

इथे एक अडचणीचा प्रश्न समोर येतो, आणि या सगळ्या विषयाचं मूळ त्यातच आहे. परीक्षा नेमकं काय तपासते? तीन तास न थांबता पेन धरण्याची ताकद, की विषयाची समज? हातीपायी धड विद्यार्थ्यांच्या बाबतीत दोन्ही एकाच उत्तरपत्रिकेत मिसळून जातात, म्हणून संस्थांना हा प्रश्न कधी पडलाच नाही. दिव्यांग विद्यार्थी दारात उभा राहिला की त्या दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. गेल्या दहा वर्षांत भारतातल्या न्यायालयांनी संस्थांना पुन्हा पुन्हा हेच करायला लावलं आहे.

सर्वांत गाजलेला खटला विकाश कुमार विरुद्ध यूपीएससी. एमबीबीएस झालेला हा तरुण. त्याला ‘रायटर्स क्रॅम्प’ नावाचा मज्जासंस्थेचा विकार होता. लिहायला घेतलं की बोटं आखडतात. २०१८ च्या नागरी सेवा परीक्षेसाठी त्याने लेखनिक मागितला आणि आयोगाने नकार दिला. आयोगाचं म्हणणं असं की लेखनिक अंधत्व, दोन्ही हातांची बाधा आणि सेरेब्रल पाल्सी यांच्यासाठी आहे, आणि या उमेदवाराचा विकार दिव्यांग कायद्याच्या चाळीस टक्क्यांच्या मोजपट्टीत बसत नाही. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी न्या. धनंजय चंद्रचूड, न्या. इंदिरा बॅनर्जी आणि न्या. संजीव खन्ना यांच्या पीठाने हा युक्तिवाद फेटाळला. चाळीस टक्क्यांची अट आरक्षणासाठी आहे. लिहायला खरीच अडचण असेल तर लेखनिक मिळण्यासाठी टक्केवारी बघण्याचं कारण नाही. असे नियम तीन महिन्यांत करा, असं न्यायालयाने सरकारला सांगितलं. ते निघाले १० ऑगस्ट २०२२ रोजी. तीन महिन्यांचे अठरा झाले. सरकारी कॅलेंडर वेगळं छापलं जात असावं.

या निकालाने ‘वाजवी सोय’ ही कल्पना रुजवली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये ती आधीपासून होतीच. समोरच्यावर अवाजवी भार न टाकता, त्या विशिष्ट माणसाला लागणारा बदल करणं, असा तिचा अर्थ. ‘त्या विशिष्ट माणसाला’ हे महत्त्वाचं. अंधांसाठी ब्रेल असा सरसकट हिशेब इथे चालत नाही, कारण विशीत दृष्टी गेलेल्याला ब्रेल येत नसतं आणि त्याला ऑडिओ हवा असतो. एकाला पाऊण तास जादा पुरतो, दुसऱ्याला वेळ नको, फक्त खिडकीपासून लांबची शांत जागा हवी. म्हणून वाजवी सोय ठरवताना आधी त्या विद्यार्थ्याला विचारावं लागतं. आपल्याकडच्या परिपत्रकांना हे जरा जड जातं.

याच कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले, सरकारी आणि अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत किमान पाच टक्के जागा राखीव केल्या आणि वयात पाच वर्षांची सूट दिली. जागा भरल्या जातात का? केंद्राच्या उच्चशिक्षण सर्वेक्षणानुसार २०२०-२१ मध्ये देशभरात चार कोटी तेरा लाखांहून अधिक विद्यार्थी उच्चशिक्षण घेत होते. त्यांत दिव्यांग होते सुमारे ७९ हजार. हजारात दोनसुद्धा नाहीत. २०११ च्या जनगणनेत दिव्यांगांचं प्रमाण २.२१ टक्के होतं, म्हणजे हजारात बावीस. उरलेले कुठे गळाले, ते दहावी-बारावीच्या आधीच्या वाटेवर शोधावं लागेल. पण जे पोचले त्यांचं काय होतं, एवढं पाहणं इथे पुरे आहे.

कागदावरचा नियम परीक्षेच्या खोलीपर्यंत पोचेलच असंही नाही. सप्टेंबर २०२१ च्या नीटला बसलेल्या एका विद्यार्थिनीला डिस्ग्राफिया होता. एक तास जादा मिळण्याचा तिचा हक्क परीक्षेच्या माहितीपुस्तिकेतच छापलेला होता. केंद्रावर मात्र तिला तो वेळ मिळाला नाही. इतरांबरोबरच तिचीही उत्तरपत्रिका काढून घेतली. मुंबई उच्च न्यायालयात दाद लागली नाही. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिच्यावर अन्याय झाल्याचं मान्य केलं आणि त्याची भरपाई कशी करणार ते ठरवा, असं परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय चाचणी संस्थेला सांगितलं. पुन्हा परीक्षा मात्र दिली नाही. केंद्रावरच्या माणसांना नियमांची माहिती असायला हवी, असंही न्यायालयाला बजावावं लागलं. सगळा प्रकार एका तासाचा होता. वैद्यकीय प्रवेशात एका तासाची किंमत काय, हे लातूरच्या कोणत्याही क्लासबाहेर उभं राहून विचारावं.

पुण्यातलं उदाहरण याहून रंगतदार आहे, आणि रंगांचंच आहे. लॉ कॉलेज रोडच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये २०१५ साली आशुतोष कुमार नावाच्या तरुणाची संकलनाच्या पदविकेसाठी निवड झाली. वैद्यकीय तपासणीत तो रंगांध निघाला आणि प्रवेश नाकारला गेला. संस्थेच्या नियमांत काही अभ्यासक्रमांची दारं रंगांधांना बंदच होती. उच्च न्यायालयातही काही झालं नाही. सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली. तिच्यात नेत्रतज्ज्ञ होते, चित्रपटाच्या धंद्यातले जाणकार होते. त्यांनी विचारायला हवं तेच विचारलं: संकलक करतो काय? तो दृश्यांचा क्रम लावतो, लय धरतो, कुठे कापायचं आणि कुठे थांबायचं ते ठरवतो. रंगसंगती ठीक करणं हे कलरिस्टचं काम, आणि तो माणूस वेगळा असतो. अभ्यासक्रमात रंगसंस्काराचा एक भाग होता, तो संकलकाच्या कामाला लागतच नव्हता. तेवढा वगळा किंवा ऐच्छिक करा, असं समितीने सुचवलं. १२ एप्रिल २०२२ रोजी न्यायालयाने रंगांधांना सर्व अभ्यासक्रम खुले करायला सांगितलं. एका विद्यार्थ्यामुळे संस्थेला आपल्याच अभ्यासक्रमातला एक अनावश्यक भाग सापडला, असंही याकडे पाहता येईल.

वैद्यकीय शिक्षणातली गाठ जास्त घट्ट होती. वाचा आणि भाषेचा दोष असलेल्यांसाठी प्रवेशनियमांत जो तक्ता होता, त्याचा व्यवहारात अर्थ असा निघे: दोष चाळीस टक्क्यांच्या खाली असेल तर प्रवेश मिळेल, पण राखीव जागा नाही, चाळीस किंवा वर असेल तर एमबीबीएसला अपात्र. म्हणजे राखीव जागा मागायला जेवढं दिव्यांगत्व लागतं, तेवढं असलं की दारच बंद. महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याचा दोष ४४-४५ टक्के होता. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने त्याला दिल्लीच्या मौलाना आझाद मेडिकल कॉलेजच्या मंडळाकडे पाठवलं आणि टक्का विचारला नाही. हा मुलगा अभ्यासक्रम पूर्ण करू शकेल का, एवढंच विचारलं. मंडळ हो म्हणालं. १५ ऑक्टोबर २०२४ च्या ‘ओंकार गोंड’ निकालाने नियम पक्का केला: निव्वळ आकड्यावरून कुणाला अपात्र ठरवता येणार नाही, प्रत्येकाची क्षमता प्रत्यक्ष पाहावी लागेल. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये आणखी एका निकालात ‘दोन्ही हात शाबूत हवेत’ ही वैद्यकीय प्रवेशाची अटही न्यायालयाने मोडीत काढली. डॉक्टर व्हायला दोन हात लागतात, ही समजूत शल्यचिकित्सक डोळ्यांसमोर ठेवून केलेली दिसते. मनोविकारतज्ज्ञ आणि पॅथॉलॉजिस्टही त्याच दारातून आत जातात.

न्यायालयापर्यंत किती जण जाणार? वकील, फी, हेलपाटे, आणि तोवर वर्ष उलटलेलं. म्हणून महाविद्यालयात बसून रोजचं काम करणारी माणसं आणि केंद्रं जास्त मोलाची ठरतात. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातलं दृष्टिबाधितांसाठीचं केंद्र २००३ पासून हे करतं आहे. समाजशास्त्राचे प्राध्यापक डॉ. सॅम तारापोरवाला यांनी ते उभं केलं, आणि ते स्वतः दृष्टिबाधित आहेत. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे संगणक, छापील पानाचं मजकुरात रूपांतर करणारे स्कॅनर, परीक्षांची व्यवस्था असं सगळं एका छताखाली. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील याच कॉलेजच्या. सहाव्या वर्षी दृष्टी गेली, झेवियर्समध्ये राज्यशास्त्र, मग दिल्लीत जेएनयू. २०१६ मध्ये लागलेल्या नागरी सेवा परीक्षेच्या निकालात ७७३ वा क्रमांक आला. रेल्वे लेखासेवा मिळाली, पण अंधत्वाचं कारण देऊन नेमणूक नाकारली. पुढच्या वर्षी १२४ वा क्रमांक आला आणि त्या भारतीय प्रशासकीय सेवेत गेल्या. तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी झाल्या. त्यांच्या जिद्दीवर पुष्कळ लिहून आलं आहे. पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, आणि पुस्तकं ज्यांच्यामुळे त्या सॉफ्टवेअरला वाचता आली त्या माणसांवर, फारसं कुणी लिहीत नाही.

कर्णबधिर विद्यार्थ्यांची अडचण याच्या उलट आहे. त्यांना पुस्तक दिसतं, तास ऐकू येत नाही. प्राध्यापक फळ्याकडे तोंड करून बोलू लागले की ओठ वाचणाऱ्याचा धागा तुटतो. सांकेतिक भाषेचे दुभाषे देशातच मोजके, त्यातून पदवीच्या स्तरावर भौतिकशास्त्र किंवा कायदा सांकेतिक भाषेत समजावू शकणारे आणखी कमी. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकिलाने सर्वोच्च न्यायालयात दुभाष्याच्या मदतीने बाजू मांडली, तेव्हा ती देशभर बातमी झाली.

लेखनिकाची सोय पेपरपुरती असते. त्याआधीची तीन वर्षं विद्यार्थी वाचतो काय? कायदा इथे बराच पुढे आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर भारतीय कॉपीराइट कायद्याने दिव्यांगांसाठी पुस्तकाची वाचता येण्याजोगी प्रत काढायला मुभा दिली. मराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा जगातला पहिला देश, साल २०१४. २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं. अंध विद्यार्थ्याकडे एनव्हीडीए हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर असतं, ते मराठीही वाचतं.

मग अडतं कुठे? प्राध्यापकांच्या नोट्समध्ये. मराठी माध्यमाच्या बीए-बीकॉमला खरा अभ्यास गाइडांवर आणि विभागात वर्षानुवर्षं फिरणाऱ्या टिपणांवर चालतो. ही टिपणं बऱ्याचदा श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉण्टमध्ये टाइप केलेली असतात. डोळ्यांना तिथे ‘मागणीची लवचिकता’ दिसते; संगणकाच्या पोटात मात्र इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी असते, आणि सॉफ्टवेअर तीच मोठ्याने वाचतं. एखाद्या पानाचा मोबाइलने फोटो काढून पीडीएफ केली असेल तर तेवढंही ऐकू येत नाही. ‘ग्राफिक’ असं म्हणून ते गप्प बसतं. फोटोतला मराठी मजकूर ओळखणारी साधनं आता बरी झाली आहेत, पण तिरक्या फोटोत जोडाक्षरं आणि रफार गडबडतात, पेनाने मारलेल्या अधोरेखांची भर पडते, आणि तक्ता असेल तर आकडे रकाने सोडून एका ओळीत धावत सुटतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये सुगम्यतेची सविस्तर मानकं काढली. इमारत, संकेतस्थळ, अभ्याससाहित्य, मूल्यमापन सगळं त्यांत आहे. महाविद्यालयांनी उतार बांधले, काहींनी लिफ्ट बसवली, नॅकची समिती येण्याआधी रेलिंगलाही रंग मारला. उतार आवश्यकच, तो दिसतो, त्याचा फोटो अहवालात लागतो. नोट्सचा फॉण्ट अहवालात लागत नाही. पण जुन्या फॉण्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर आहेत, त्यांतले काही फुकट आहेत, आणि चाळीस पानांचं टिपण बदलून, तपासून, विद्यार्थ्याला मेल करायला एखाद्या लिपिकाला एक दुपार पुरते. हे काम जूनमध्ये झालं तर त्या मुलाला सत्र सुरू होतानाच पुस्तक मिळतं. आज बहुतेक ठिकाणी ते परीक्षा अर्जासोबत, फेब्रुवारीत, रायटर शोधायला लागल्यावर कुणाला तरी आठवतं.